उबदार पाण्यावरची वादळं

थंडीच्या दिवसांत पहाटे विहिरीवर गेलं की पाण्यातून वाफ निघताना दिसते. पाणी काही तापलेलं नसतं. हवा गार पडलेली असते, पाणी तेवढं गार व्हायला तयार नसतं, म्हणून वाफ. नॉर्वेच्या उत्तर टोकापलीकडच्या बॅरंट्स समुद्रात हाच प्रकार शेकडो किलोमीटरभर चालतो. फेब्रुवारीत तिथलं पाणी ४-५ अंशांवर असतं आणि त्यावरून वाहणारी हवा उणे १५, उणे २०. सगळा दर्या धुमसत असतो. जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे सुकाणूच्या खोलीतून, पाहिलं तर जहाजाचं पुढचं टोक, नाळही धड दिसत नाही, इतकी दाट वाफ.

आर्क्टिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ येतो. त्या समुद्रासाठी हवामानाचा अंदाज करणाऱ्याची झोप मात्र बहुतेक वेळा उबदार पाण्याने उडवलेली असते. अटलांटिकमधून वर चढणारा उष्ण प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याला लागून जातो, त्यामुळे ६९ अंश उत्तरेवरचं रशियाचं मुर्मान्स्क बंदरसुद्धा हिवाळाभर चालू राहतं. किनारा आणि उत्तरेला स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांच्या बाजूची बर्फाची कड यांच्या मध्ये मोठा मोकळा समुद्र उरतो. उत्तरेचा वारा सुटला की दिवसेंदिवस बर्फावर लोळून गारठलेली हवा ती कड ओलांडते आणि काही तासांत तिच्या पोटाखाली उघडं, ऊबदार पाणी येतं. खालून तापलेली हवा वर उसळते, ढगांच्या समांतर ओळी उठतात, आणि कधीकधी त्या ओळींमध्ये एक गिरकी तयार होते. तिला पोलर लो म्हणतात. ध्रुवाकडचं छोटं, पण फार आडदांड कमी दाबाचं क्षेत्र.

छोटं म्हणजे किती? व्यास २०० ते १००० किलोमीटर अशी पुस्तकी व्याख्या आहे, पण बऱ्याच पोलर लोंचा गाभा या मापाच्या खालच्या टोकाला असतो. वारा किमान १५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे जवळपास ३० नॉट. अनेकदा बराच जास्त. आयुष्य एक दिवस, फार तर दीड. आपल्याकडचं तौक्ते आठवा. मे २०२१ मध्ये १३ तारखेला अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि १७ तारखेच्या रात्री ते गुजरातेत किनाऱ्यावर चढलं. चार दिवस बातम्या, बंदरांवर बावटे, बोटी खाडीत. पोलर लो सकाळी जन्मतं, दुपारी भरात येतं आणि दुसऱ्या दिवशी जमिनीवर पोचून मरून जातं, कारण त्याचं इंधन म्हणजे खालच्या पाण्याची ऊब. जमीन किंवा बर्फ लागला की संपलं. त्याला नाव द्यायलाही सवड नसते. नॉर्वेच्या आसपासच्या समुद्रांत एका हंगामात साधारण डझनभर येतात, ऑक्टोबर ते एप्रिल-मे.

ओळखायचं कसं? उत्तर नॉर्वेतल्या त्रोम्सोच्या हवामान कार्यालयात हिवाळ्यात बसणारा माणूस सर्वात आधी एक वजाबाकी करतो. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान घ्यायचं आणि त्यातून ५०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरचं, म्हणजे साधारण पाच-साडेपाच किलोमीटर उंचीवरचं, तापमान वजा करायचं. फरक ४३ अंशांच्या वर गेला की सावध. पाणी अधिक ५ आणि वर उणे ४० असेल तर फरक ४५: कढई तापलेली आहे. पण तापलेल्या कढईत फोडणी पडेलच असं नाही. ४३ चा आकडा हिवाळ्यात कितीतरी वेळा ओलांडला जातो आणि नुसत्या बर्फाच्या सरी येऊन जातात. गिरकी धरायला वरच्या थरात एखादी द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट खळगा, लागते, बर्फाच्या कडेवरून येणाऱ्या थंड हवेला कुठेतरी वळण लागतं, शेजारी जुन्या मोठ्या वादळाचा उरलेला भोवरा असला तर तोही कामी येतो. म्हणून ही वजाबाकी होकार देण्यासाठी नाही, नकार देण्यासाठी वापरावी असं मला वाटतं. फरक ३५ असेल तर डोकं दुसरीकडे लावा. ४६ असेल तर खुर्ची सोडू नका.

दुसरं काम म्हणजे पाहणं, आणि इथे अडचणी सुरू होतात. विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर उंचीवर स्थिर दिसणारे उपग्रह, ज्यांची चित्रं आपण मोबाइलवर रोज पाहतो, ते ७० अंशांच्या वर अगदी तिरके बघतात. ताटातली भाकरी ताटाच्या कडेवरून बघावी तसं. तिथे भरवसा ध्रुवांवरून फिरणाऱ्या, ८०० किलोमीटरच्या आसपास उंचीच्या उपग्रहांचा. यात एक गोष्ट आर्क्टिकच्या पथ्यावर पडते: असा उपग्रह दर १०० मिनिटांनी एक फेरी मारतो आणि प्रत्येक फेरी ध्रुवाजवळून जाते. मुंबईवरून तो दिवसातून दोनदाच जाईल; बॅरंट्स समुद्राला मात्र अनेक फेऱ्यांतून काही ना काही दिसतं. तरी मधे दोन-तीन तासांची खिंडारं राहतात, आणि नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत त्रोम्सोला सूर्यच उगवत नाही. साधं छायाचित्र निरुपयोगी, सगळं काम इन्फ्रारेडवर.

वारा मोजायला स्कॅटरोमीटर आहे. उपग्रहावरचं हे रडार समुद्राच्या अंगावरची बारीक शिरशिरी मोजतं आणि तिच्यावरून वाऱ्याचा वेग व दिशा काढतं. ढगांच्या चित्रात नुसती स्वल्पविरामासारखी शेपटी दिसत असताना स्कॅटरोमीटर दाखवतो की तिच्या पश्चिम अंगाला ४५ नॉट वारा आहे. पण बर्फाच्या कडेला आणि किनाऱ्याला अगदी खेटून त्याचं वाचन बिघडतं, आणि नेमकी तिथेच जहाजं असतात.

प्रत्यक्ष मोजणी फार विरळ. यान मायेन बेट, ब्योर्नोया म्हणजे अस्वल बेट, होपेन: एवढ्या मोठ्या दर्यात हे तीन ठिपके. यान मायेन आणि ब्योर्नोयावरून फुगे सोडून वरच्या हवेचं तापमान मोजतात. वजाबाकीतला दुसरा आकडा पडताळायचा तर तोच आधार. पूर्वी ६६ उत्तर, २ पूर्व या जागी भर समुद्रात एक हवामान जहाज उभं असायचं. तिथली मोजणी १९४८ पासून चालली. शेवटचं जहाज पोलरफ्रंट २००९ च्या अखेरीस परत बोलावलं गेलं. उपग्रह आहेत, जहाज कशाला, हा हिशोब खर्चाच्या बाजूने बरोबर असेल. पण वरून दिसणारा ढग आणि खाली उभं राहून वाचलेला बॅरोमीटर या दोन वेगळ्या साक्षी आहेत, आणि त्यातली एक आपण हौसेने सोडली, हे मला आजही पटत नाही.

मग मॉडेल, म्हणजे संगणकावर मांडलेलं हवामानाचं गणित. संपूर्ण पृथ्वीचं युरोपीय मॉडेल ९ किलोमीटरच्या जाळ्यावर चालतं. जाळीचा डोळा ९ किलोमीटरचा म्हणून त्यात ९ किलोमीटरची गोष्ट सापडते असं नाही. एखादी रचना नीट उमटायला डोळ्याच्या सहा ते आठ पट जागा लागते. म्हणजे ६०-७० किलोमीटरपेक्षा लहान काही असलं की ते पुसट होतं, आणि पोलर लोचा सर्वात जोराचा पट्टा कित्येकदा तेवढाच असतो. म्हणून नॉर्वेच्या हवामान संस्थेने २०१५ पासून आरोम-आर्क्टिक नावाचं २.५ किलोमीटरचं मॉडेल दिवसातून चार वेळा चालवायला घेतलं. त्याने फार फरक पडला. आता पोलर लो येणार का, याचं उत्तर एक-दोन दिवस आधी बऱ्यापैकी मिळतं. नेमकं कुठे, याचं नाही. बारीक जाळीचं मॉडेल मोठं देखणं चित्र काढतं: डोळा, गुंडाळलेले ढग, वाऱ्याची लाल पट्टी. ते चित्र १०० किलोमीटर बाजूला पडलं तर लाल पट्टीतला खलाशी शांत पाण्यात असतो आणि शांत पाण्यातला लाल पट्टीत. म्हणून पोलर लोच्या मार्गाची एकच ठसठशीत रेष काढून देणं मला चूक वाटतं. मॉडेलच्या अनेक धावांमधून मिळणारा शक्यतेचा पट्टा द्यावा आणि शब्दांत सांगावं की या पट्ट्यात कुठेही अर्ध्या तासात १५ नॉटचे ४५ नॉट होऊ शकतात.

हे अर्ध्या तासाचं म्हणणं अक्षरशः घ्यायचं. मोठ्या वादळाआधी बॅरोमीटर तास तास उतरतो, उंच ढग येतात, लांबून संथ लाटांचा फुगवटा येऊ लागतो. जुन्या तांडेलाला पायाखालीच कळतं. पोलर लोत हे काही नाही. आभाळ मोकळं, वारा मवाळ, आणि क्षितिजावर एक पांढरी भिंत. ती आली की बर्फ एवढा दाट पडतो की शे-दोनशे मीटरपलीकडे दिसत नाही. दक्षिणेकडे सरकणाऱ्या पोलर लोत सगळ्यात वाईट बाजू पश्चिमेची. उत्तर गोलार्धात हवा घड्याळाच्या उलट फिरते, त्यामुळे पश्चिम अंगाला वारा उत्तरेकडून येतो आणि खुद्द वादळही त्याच दिशेने चाललेलं असतं; दोन वेगांची बेरीज होते. लाटांचंही तेच. १० सेकंदांच्या लाटेची ऊर्जा खोल पाण्यात साधारण १५ नॉटने पुढे जाते. वादळही तेवढ्याच चालीने निघालं असलं तर लाट वाऱ्याच्या पट्ट्यातून सुटतच नाही. वारा तिला सतत खतपाणी घालत राहतो. एवढ्याशा वादळाने एवढी लाट उठवू नये, पण उठते. शिवाय लाट वाऱ्याच्या पुढे पळत नसल्यामुळे तिची वर्दीही आधी लागत नाही. दोघं एकदमच दारात.

तरीही माणसं बुडाली ती बहुतेक वाऱ्या-लाटांनी एकट्याने नव्हे. डेकवर चढणाऱ्या बर्फाने.

२६ जानेवारी १९५५ ला आइसलँडच्या उत्तरेला लोरेला आणि रॉडेरिगो हे इंग्लंडमधल्या हल बंदराचे दोन ट्रॉलर काही तासांच्या अंतराने उलटले. अंगावर बर्फ इतका साचला की जहाजं वरजड झाली. ४० जण गेले. डिसेंबर २०२० मध्ये रशियाच्या नोवाया झेमल्या बेटांजवळ ओनेगा हा रशियन ट्रॉलर बुडाला. १९ पैकी दोघे वाचले, आणि तिथेही पहिला संशय साचलेल्या बर्फावरच गेला. मधल्या ६५ वर्षांत रडार, उपग्रह, संगणक सगळं आलं. समुद्राच्या फवाऱ्याला मात्र त्याचं काही नाही. नाळ लाटेवर आपटते, पाणी उडतं, वारा ते मागे फेकतो, आणि रेलिंगला, विंचला, दोरांना लागेपर्यंत ते गोठायला आलेलं असतं.

किती वेगाने साचेल, याचं ओव्हरलँड हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात बसवलेलं एक सूत्र आजही जगभर वापरलं जातं. कागद-पेन्सिलने करता येतं. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या. समुद्राचं पाणी उणे १.८ ला गोठतं. हवा त्याच्या किती अंश खाली आहे तो आकडा काढा आणि दोघांचा गुणाकार करा. आता पाणी गोठणबिंदूच्या किती अंश वर आहे ते पाहा, त्याला ०.३ ने गुणा, १ मिळवा आणि आधीच्या गुणाकाराला याने भागा. उत्तर २२ च्या खाली आलं तर थर हलका. ५३ च्या वर गेलं तर ताशी दोन ते चार सेंटिमीटर. ८३ च्या वर गेलं तर ताशी चार सेंटिमीटरपेक्षा जास्त.

वारा २० मीटर प्रति सेकंद आणि हवा उणे १२ धरू. गुणाकार २०४. पाणी ६ अंशांचं असेल तर भाजक ३.३४ आणि उत्तर ६१. तोच वारा, तीच हवा, पण पाणी १ अंशाचं, तर भाजक १.८४ आणि उत्तर १११. म्हणजे ज्या ऊबदार पाण्याने वादळाला जन्म दिला तेच पाणी बर्फाच्या बाबतीत जहाजाच्या बाजूने उभं राहतं. वादळात सापडलेल्या कप्तानाने दक्षिणेला, प्रवाहाच्या ऊबेकडे का पळावं, ते या एका भागाकारात आहे.

आता वजन. १०० चौरस मीटर जागेवर एक सेंटिमीटर बर्फ म्हणजे एक घनमीटर, साधारण ९०० किलो. ताशी चार सेंटिमीटरने सहा तासांत २१ टनांच्या पुढे, आणि तेही सगळं वर, वाऱ्याकडच्या अंगाला. त्यात बारीक वस्तू बर्फ जास्त धरतात. बोटाएवढी तार मनगटाएवढी, मग मांडीएवढी होते. वाऱ्याला अडवणारं अंग वाढतं आणि जहाज आणखी कलतं. धोक्याची खूण पाहायला गेलं तर उलटी वाटते. जहाजाचं डोलणं मऊ, संथ, आरामाचं होतं. नवखा खलाशी म्हणेल, बरं वाटतंय आता. डोलून सरळ व्हायला जहाज वेळ घ्यायला लागलं याचा अर्थ त्याचं उठून बसण्याचं बळ संपत आलंय.

काय करायचं, याचा क्रम ठरलेला आहे आणि तो चुकवून चालत नाही. आधी वेग कमी, मग फवारा कमीत कमी उडेल अशी दिशा. वारा पाठीवर घेणं उत्तम, पण मागून येणारी लाट जहाज आडवं फिरवणार नाही हे बघून. बर्फ फोडायला लाकडी हातोडे. लोखंडी घणाने काचा, केबल, व्हॉल्व्ह फुटतात. अँटेना, दिवे आणि जीवतराफे सगळ्यात आधी मोकळे. मग सर्वात उंच जागेपासून खाली यायचं, कारण वरचा एक टन खालच्या कित्येक टनांइतका घातक. डेकवरचं पाणी बाहेर टाकणारी झाकणं आणि भोकं सतत उघडी, नाहीतर आलेली लाट डेकवरच अडून गोठते. जहाज एका बाजूला कललं असेल तर कललेल्या, खालच्या बाजूचा बर्फ आधी काढायचा. आणि कल घालवायला टाक्यांमधलं तेल-पाणी या बाजूचं त्या बाजूला खेळवायचं नाही. पंप चालू असताना दोन्ही टाक्या अर्धवट भरलेल्या राहतात आणि आतलं पाणीच डोलायला लागतं.

बर्फ साचण्याच्या त्या सूत्राचं एक दुखणं अंदाज देणाऱ्याने विसरू नये. त्यात लाट नाही. जहाज वाऱ्यात तोंड घालून चाललंय आणि फवारा भरपूर आहे, हे त्याने गृहीत धरलंय. बर्फाच्या कडेला वारा बर्फाकडून समुद्राकडे वाहत असेल तर लाट वाढायला पल्लाच मिळालेला नसतो. पाणी उकळत्या दुधासारखं धुमसतं, हवा उणे २०, सूत्र ओरडतं ‘भयंकर’, आणि प्रत्यक्षात डेक जवळजवळ कोरडं. असे तीन-चार पोकळ इशारे झाले की जहाजावरचे लोक पाचवा वाचत नाहीत. म्हणून सूत्राचा आकडा लाटेच्या उंचीशेजारी ठेवूनच इशारा लिहायला हवा. हा कंटाळवाणा भाग आहे, आणि माझ्या मते याच्यावरच सगळी पत टिकून असते.

इशारा पोचवायची व्यवस्था त्या मानाने सोपी. जगाचे समुद्र हवामान इशाऱ्यांसाठी विभागांत वाटलेले आहेत. उत्तर हिंदी महासागर दिल्लीच्या हवामान खात्याकडे आहे. आर्क्टिकसाठी २०११ पासून पाच नवे विभाग चालू झाले, त्यातला एकोणिसावा नॉर्वेकडे. किनाऱ्याजवळ नॅव्हटेक्स, म्हणजे रेडिओवरून लेखी इशारे पाठवणारी सेवा, चालतं. ७६ अंशांपलीकडे इन्मारसॅटचे संदेशवहन उपग्रह क्षितिजाशी टेकतात, तिथे ध्रुवांवरून फिरणाऱ्या इरिडियम उपग्रहांना २०१८ मध्ये मान्यता मिळाली. २०१७ पासून ध्रुवीय संहिता, म्हणजे ध्रुवांकडच्या पाण्यात जाणाऱ्या जहाजांसाठीचे आंतरराष्ट्रीय नियम, लागू झाल्यामुळे तिकडे जाणाऱ्या मालवाहू जहाजांवरच्या आपल्या मराठी अधिकाऱ्यांनाही वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. स्वालबार्डला २००८ पासून भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र आहे, त्याचा कारभार गोव्यात वास्कोहून चालतो. त्या केंद्राजवळच्या खाडीत २०१४ मध्ये आपण पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजणारी साखळी खोल सोडली. 

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. दर्या खवळलेला असतो आणि तो माशांच्या विणीचाही काळ, म्हणून बोटी ओढून वर घ्यायच्या, नारळी पौर्णिमेला नारळ देऊन पुन्हा उतरायचं. उत्तर नॉर्वेत ऋतू असा मदतीला येत नाही. कॉड मासा बॅरंट्स समुद्रातून लोफोटेन बेटांकडे अंडी घालायला येतो तो जानेवारी ते एप्रिल, पोलर लोंच्या ऐन भरात. बंदी घालून प्रश्न सुटत नाही. अंदाजावरच जावं लागतं, आज की उद्या, आत की बाहेर.

त्यातला शेवटचा कागद म्हणजे बर्फाचा नकाशा. हिरवा रंग म्हणजे दहापैकी एक ते तीन भाग बर्फ, पिवळा चार ते सहा, नारिंगी सात-आठ, लाल नऊ-दहा, किनाऱ्याला चिकटलेला राखाडी. त्रोम्सोहून तो सोमवार ते शुक्रवार निघतो. शनिवार-रविवारी जहाजाकडे शुक्रवारचाच नकाशा असतो आणि बर्फ काही सुट्टी घेत नाही. फ्राम जहाज १८९३ ते १८९६ बर्फात अडकवून ठेवलं तेव्हा नान्सेन या नॉर्वेच्या संशोधकाने पाहिलेली गोष्ट इथे हाताशी येते: सुटा बर्फ वाऱ्याच्या वेगाच्या साधारण दोन टक्क्यांनी सरकतो, आणि सरळ नाही, वाऱ्याच्या उजवीकडे २० ते ४० अंश वळून. उत्तरेचा वारा १५ मीटर प्रति सेकंद धरला तर बर्फ सेकंदाला ०.३ मीटर, म्हणजे दिवसाला २६ किलोमीटर. शुक्रवार दुपार ते सोमवार दुपार, ७८. जाणता सुकाणू अधिकारी शुक्रवारी संध्याकाळी नकाशा हाती आल्या आल्या छापलेल्या कडेच्या दक्षिणेला, थोडी पश्चिमेकडे सरकवून, पेन्सिलने आणखी तीन रेषा ओढतो आणि प्रत्येकीवर वार लिहितो.